मॅगझिन, पण वाचायचं नव्हे!

भुसावळजवळ वरणगावला १९६४ साली सुरू झालेली आयुध निर्माणी आहे. तिथे रायफलींची काडतुसं बनतात. ७.६२चं काडतूस कुठल्याही ७.६२ रायफलीत चालतं, असं हॉस्टेलवर छातीठोकपणे सांगणारे मला भेटलेत. साफ चूक!

७.६२ मि.मी. हे ढोबळ मानाने नळीचं माप. पुढचा आकडा केसची लांबी. एस.एल.आर.चं काडतूस ७.६२×५१, ए.के.-४७चं ७.६२×३९. म्हणजे १२ मि.मी.चा फरक! आखूड केस लांब चेंबरमध्ये नीट टेकत नाही. आधार नसला की फाटते आणि तापलेला गॅस थेट नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. शिवाय ए.के.ची गोळी किंचित जाडही असते.

आता मॅगझिन. ए.के.ची केस पुढे निमुळती होत जाते. अशी ३० काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वाकते, अगदी आपल्या रावेरच्या केळ्यासारखी! म्हणून मॅगझिन वाकडं, स्टाईल म्हणून नव्हे. वरचे दोन 'ओठ' काडतूस ठराविक कोनात धरतात. ते जरा वाकले की रायफल जॅम.

जुन्या पोलिसी .३०३च्या काडतुसाला तर बुडाशी कडा असते. भरताना वरच्याची कडा खालच्याच्या पुढे हवी. उलट झालं तर कडेत कडा अडकते आणि बोल्ट कितीही रेटा, काडतूस पुढे सरकत नाही.