बारूखाचे काम



मी नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी मुलामुलींना कार्यालयीन काम शिकवते. टंकलेखन, पत्रव्यवहार, एक्सेल, टॅली आणि फाइल कशी ठेवावी, एवढाच आमचा विषय. आपल्या देणगीदारांपैकी काहींनी विचारले आहे की मिशनचा पैसा संगणकाच्या वर्गावर का खर्च करावा? शिलाई यंत्र दिले तर बाई दुसऱ्या महिन्यापासून दोन पैसे कमावते. प्रश्न रास्त आहे. उत्तर वाचण्याआधी आपण पवित्र शास्त्र उघडून यिर्मयाचा ३२ वा अध्याय समोर ठेवावा अशी विनंती करते.

यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो की अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. उद्या शत्रूच्या हाती जाणारी जमीन आज कोण घेईल? पण देवाने सांगितल्याप्रमाणे यिर्मया ती घेतो. आपण उपदेशात या भागातील आशेवर बोलतो आणि पुढे जातो. मी मात्र वर्गात मुलांना ९ ते १४ ही वचने हळू वाचायला लावते, कारण तिथे एका व्यवहाराची कागदपत्रे कशी करतात ते पायरीपायरीने दिले आहे. किंमत १७ शेकेल रुपे, ती तराजूत तोलून दिली. खत लिहिले, त्यावर मोहोर केली, साक्षीदार घेतले, त्यांच्या सह्या झाल्या. खताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. मग सर्वांच्या देखत दोन्ही प्रती बारूखाच्या हाती दिल्या आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या.

बारूख हा यिर्मयाचा लेखक होता. आजच्या भाषेत कारकून. ३६ व्या अध्यायात तो यिर्मयाच्या तोंडचे शब्द शाईने गुंडाळीवर लिहितो. राजा यहोयाकीम ती गुंडाळी कापून शेगडीत जाळतो, आणि बारूख सगळे पुन्हा लिहायला बसतो. त्याच्यासारखाच तर्तियस. रोमकरांस लिहिलेले पत्र पौलाचे, पण ते कागदावर उतरवणारा हात तर्तियसाचा, आणि १६ व्या अध्यायात तो स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. ही माणसे नसती तर आपल्या हाती काय आले असते याचा विचार करावा.

आता आमच्या भागाकडे येऊ. इथल्या कुटुंबाचे आयुष्य किती कागदांवर उभे आहे हे शहरातल्या माणसाला सहज कळत नाही. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि सर्वांत मोठा कागद म्हणजे वनपट्टा. २००६ च्या वन हक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला हक्क मिळतो. तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, वारसाला जातो, पण विकता येत नाही. दावा ग्रामसभेच्या वन हक्क समितीकडे सुरू होतो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक पायरीवर अर्ज, पुरावा, नकाशा, ठराव. अनाथोथच्या शेतासारखेच आहे हे. जमीन कसायला नांगर पुरतो, ती आपली आहे हे सांगायला खत लागते.

आणि हे खत लिहिणारा, वाचणारा, जपणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा असतो. तो सज्जन असला तरी त्याला मावची किंवा भिलोरी कळत नाही. म्हाताऱ्या बाईने सांगितलेले नाव त्याला ऐकू येईल तसे तो लिहितो. पाडवी हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर 'डी'च्या पुढे 'ए' घालून, दुसऱ्यावर तो गाळून, वळवीचेही तसेच. बाईचे नाव आधारकार्डावर एक, पासबुकावर दुसरे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरे. अशा एका अक्षरावरून शिष्यवृत्ती अडकते आणि मग बसभाडे खर्चून तालुक्याला खेपा सुरू होतात. आमच्या वर्गातला पहिला गृहपाठ म्हणूनच असा असतो: घरातल्या प्रत्येकाचे नाव प्रत्येक कागदावर कसे लिहिले आहे ते पाहून तक्ता करून आणा. संगणकाला हात लावण्याआधी मुले हे वहीत करतात. सोमवारी तक्ते आले की वर्गात शांतता पसरते. एका मुलीच्या आईची चार कागदांवर चार नावे निघाली होती.

टंकलेखनावर मी सर्वांत जास्त वेळ देते. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या गतीचे प्रमाणपत्र मागतात आणि त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पण माझा आग्रह केवळ परीक्षेसाठी नाही. आमच्या मुलांना मराठी ही शाळेत शिकलेली भाषा आहे. घरी ती दुसरेच बोलतात. जुन्या रेमिंग्टन कळफलकावर अक्षर जसे दिसते तसे टंकावे लागते. 'कि' लिहायचा तर ऱ्हस्व वेलांटी आधी, क नंतर. इनस्क्रिप्ट कळफलकावर अक्षर जसे उच्चारतो त्या क्रमाने येते: आधी क, मग वेलांटी. 'अर्ज' लिहायचा तर अ, र, पाय मोडण्याची कळ, मग ज. रफार आपोआप डोक्यावर चढतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला; क च्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, ग वर घ, त वर थ. माझा अनुभव असा की ज्याला मराठीचे शुद्धलेखन कच्चे वाटते त्याचेही या पद्धतीने सुधारते, कारण प्रत्येक जोडाक्षर त्याला मनात फोडून पाहावे लागते.

शिवाय जुन्या फॉन्टची एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेले पत्र ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ग्रामसभेचा ठराव पाच वर्षांनी वाचता आलाच नाही तर तो लिहून उपयोग काय? म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून युनिकोड.

पत्रव्यवहाराचा धडा छोटा आहे, पण मोलाचा. विषय, संदर्भ, दिनांक, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. अर्जाच्या नेहमी दोन प्रती. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का व सही घेऊन पोच म्हणून घरी आणायची. हे सांगताना मी फळ्यावर यिर्मया ३२ लिहिते आणि मुले हसतात, कारण दोन प्रतींची गोष्ट त्यांना आता पाठ झालेली असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. पण मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची? पोच असेल तरच ते सांगता येते.

एक्सेलबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे चूक दिसत नाही आणि नुकसान मोठे होते. समजा बचत गटातील तीस बायकांची यादी आहे: नाव, गाव, खाते क्रमांक, रक्कम. कोणी फक्त नावांचा रकाना निवडून तो अकारविल्हे लावला आणि संगणकाने दिलेली सूचना न वाचता पुढे गेला, तर नावे हलतात आणि खाते क्रमांक जागच्या जागी राहतात. तक्ता पूर्वीसारखाच नीटनेटका दिसतो. एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात. दुसरे असे की एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच खरे धरून ठेवते. त्यापुढचे अंक शून्य होतात. काही बँकांचे खाते क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठे असतात. क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य तर नकळत गळून पडते. उपाय सोपा आहे: तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा आणि मगच क्रमांक भरायचे. हे मी तोंडी सांगून थांबत नाही. बिघडलेला तक्ता आणि मूळ कागदी यादी दोन्ही हातात देते आणि चूक शोधायला लावते. ज्या मुलीला ती सापडते ती पुन्हा कधी विसरत नाही.

बेरीज, सरासरी, अट घालणारे सूत्र, एका यादीतून दुसऱ्या यादीत माहिती शोधणे, शंभर पत्रांवर शंभर वेगळी नावे आपोआप टाकणे, हे सर्व वसतिगृहाच्या धान्याच्या हिशेबावर होते. तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला. रंगीत आलेख काढण्यात मला फार रस नाही.

टॅलीला शेवटचे दोन महिने. बाहेरच्या अनेक संस्थांत विद्यार्थी एफ-५ म्हणजे पेमेंट, एफ-६ म्हणजे रिसीट एवढे पाठ करतो, पण नावे कोणाला आणि जमा कोणाला हे त्याला सांगता येत नाही. आम्ही आधी कागदावर रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज करून घेतो. दुहेरी नोंदीची ही पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापील पुस्तकात सविस्तर मांडणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संन्यासी होता, हे आपल्या मंडळीतील खजिनदारांना ऐकायला आवडेल.

प्रमाणपत्रांविषयी स्पष्ट बोलते. एमएस-सीआयटी अनेक शासकीय पदांसाठी मागतात, म्हणून ती मुलांनी करावीच. आयटीआयमधला एक वर्षाचा 'कोपा' हा संगणकाचा अभ्यासक्रमही चांगला. पण प्रमाणपत्रे खूप आणि जागा थोड्या आहेत. प्रत्येक मुलाला नोकरी लागेल असे आश्वासन मी कोणत्याही देणगीदाराला दिलेले नाही. आमच्याकडून गेलेली मुले सेवा केंद्रात, दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवर, दुकानाच्या हिशेबाला, शाळेच्या कार्यालयात लागली आहेत. काही शेतावर परतली आहेत. आणि परतलेल्यांचे शिक्षण वाया गेले असे मला अजिबात वाटत नाही.

पेसा कायदा १९९६ चा. त्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. महाराष्ट्रात पेसा ग्रामसभांचे स्वतःचे कोष आहेत, त्यात निधी येतो. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वन हक्क मिळाला आणि पुढे तिथल्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू विकला. विक्री आली की रोजकीर्द आली, मजुरीचे हजेरीपत्रक आले, बँकेचा ताळमेळ आला, वाहतूक परवाना आला. गावात हे करणारा आपला माणूस नसेल तर अधिकार कायद्यात राहतो आणि हिशेबाची वही ठेकेदाराच्या घरी. शेतावर परतलेला आमचा एक विद्यार्थी आज आपल्या पाड्याच्या ग्रामसभेची वही लिहितो. त्याला पगार नाही. बैठकीत खर्च वाचून दाखवताना तो आधी मराठीत आणि मग मावचीत वाचतो, आणि म्हाताऱ्या बायाही मधेच थांबवून विचारतात की तो जीपभाड्याचा आकडा पुन्हा सांग. शिलाई यंत्राची किंमत मी कमी लेखत नाही, पण असा प्रश्न विचारणारी बाई शिलाई यंत्राने उभी राहत नाही.

आता मदतीविषयी. अनेक मंडळ्या जुने संगणक देऊ करतात, त्याबद्दल देवाचे आभार. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या संगणकांवर चालत नाही. तरी ४ जीबी मेमरी असलेला संगणक आम्हाला चालतो. त्यावर लिनक्स आणि लिबरऑफिस टाकून टंकलेखन व तक्त्यांचा सराव होतो आणि दोन्ही मोफत आहेत. त्याहून जुने पाठवू नयेत, ते आणायचे भाडेच जास्त होते. देण्याआधी त्यातली आपली व मंडळीची माहिती पुसून टाकावी. फीपेक्षा सरावाच्या तासांना मदत अधिक हवी आहे: वर्ग संपल्यावर खोली संध्याकाळी उघडी ठेवणे, वीजबिल, यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रिंटरची शाई. आणि लोखंडी कपाट एक. आम्ही प्रत्येक नोंद पेन ड्राइव्हवर घेतो आणि छापूनही ठेवतो, पण पावसाळ्यात कागदाला वाळवी लागते, आणि बारूखाच्या मडक्यासारखे काही अजून आमच्याकडे नाही.

प्रार्थनेसाठी विषय: टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्या मुली, पावसाळ्यात वीज टिकावी, आणि ज्या कुटुंबांचे वन हक्काचे दावे अजून समित्यांसमोर आहेत ती कुटुंबे.