गाण्याची चाल आणि गाण्यातला विचार



वर्षावासाच्या दिवसांत मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात ग्रंथवाचनासाठी जाण्याचा योग आला. ज्यांच्या घरी मुक्काम होता, त्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन अजून दोन वर्षेही झालेली नव्हती. घरातला मुलगा बी.ए.ला शिकतो, गाणीही लिहितो. रात्रीचे वाचन आटोपले, माणसे पांगली, तेव्हा त्याने वही पुढे केली. "गुरुजी, जयंतीसाठी लिहिलंय. तपासून द्या," म्हणाला.

चार कडव्यांचे गीत होते. त्यात सरोवर होते, राजहंस होता, चंदनाचा परिमळ होता. पतितांचा उद्धार करण्यासाठी भीमराया भूतलावर अवतरला, असे ध्रुपद होते. मुलाने ते गोड आवाजात म्हणून दाखविले. उंबऱ्याशी बसलेली त्याची आजी ऐकत होती. ती म्हणाली, "चाल गोड हाये रे बापू. पन आपल्या जुन्या भजनावानीच वाटते. तिथं देव खाली येत होता, इथं बाबासाहेब येतेत."

मुलगा खजील झाला. मग त्याने मला विचारले, "तर मी लिहू तरी कोणासारखं?"

हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. धम्म स्वीकारलेल्या घरात पंचशील येते, बुद्धवंदना येते, भिंतीवरच्या तसबिरी बदलतात. परंतु गाणारा गळा आणि लिहिणारा हात कालचाच असतो. त्या हाताला जुने वळण कोठून लागले आणि नवे कोठून लावावयाचे, हे आजच्या पाठात पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कला ही देवीची देणगी आहे असे आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. वर्गात सरस्वतीची तसबीर, तिला हार, मग गाणे. बौद्ध मनुष्य असे मानीत नाही. प्रत्येक गोष्ट हेतू आणि प्रत्यय यांच्या योगाने उत्पन्न होते, ही तथागतांची शिकवण आहे. शैलीही तशीच होते. घरात कानावर काय पडले, पोटासाठी कोणते काम केले, कोणती पुस्तके हाती आली, समोर ऐकणारा कोण होता, यांतून माणसाचे बोलणे आणि लिहिणे घडते. जे कारणांनी घडते ते कारणे तपासून बदलता येते, आणि आपल्यासारख्यांना ही फार धीराची गोष्ट आहे. देवीने ज्याला दिले त्यालाच मिळते असे असते, तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना तिने काय दिले होते?

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच पाहा. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी. घरात रोज अभंग आणि दोहे म्हटले जात, रामायण-महाभारताचे वाचन होई. लहानपणीच भीमरावांना त्या ग्रंथांतील माणसे पटेनात आणि ते वडिलांना उलट प्रश्न विचारीत. दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. यांतील बहुतेक गोष्टी बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितल्या आहेत. पुढे कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू भेटले, ग्रंथालये भेटली. बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू, असे ते सांगत.

आता त्यांच्या वृत्तपत्रांकडे या. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, त्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा दोन आठवडेच झाले होते! घरात ऐकलेली वाणी त्यांनी टाकून दिली नाही, तिला आपल्या कामाला जुंपले. मात्र अभंगाखाली जो अग्रलेख असे, त्याची रीत वारकऱ्याची नव्हती. तेथे पुरावा असे, प्रतिपक्षाचे म्हणणे असे, मग एकेक करून उत्तर असे. १९५७ साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' प्रसिद्ध झाला. तो इंग्रजी ग्रंथ लहान-लहान, क्रमांक घातलेल्या वाक्यांत लिहिला आहे. एवढा मोठा विद्वान इतके सोपे का लिहितो? आपल्या पडवीत कंदिलाशी बसून कोणीतरी तो मोठ्याने वाचणार आणि निरक्षर म्हातारी ऐकणार, हे जणू लिहितानाच त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

१५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषणही असेच आहे. मेलेली जनावरे ओढणे सोडले तर कातड्याचे, शिंगांचे उत्पन्न बुडेल, असा उपदेश करणाऱ्यांना त्यांनी काय उत्तर दिले? तुम्हीच ओढा, उत्पन्नही तुम्हीच घ्या, वर मी माझ्या पदरचे पैसे देतो! हा युक्तिवाद पुस्तकात सापडत नाही. ज्या समाजाने ते ओझे ओढले त्याच्या बोलण्यातून तो आला आहे.

दुसरे उदाहरण तर मूर्तिजापूरकरांच्या दारातले आहे. गावात ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे ते गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव. परीट घराणे. बाप दारूपायी गेला आणि आई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, वखर धरला, पेरणी केली. मामाची जमीन सावकाराने गिळलेली त्याने पाहिली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले. अक्षरओळख नव्हती. पण त्यांचे कीर्तन ऐकावयास हजारो लोक जमत.

त्या कीर्तनाची तऱ्हा काय होती? बाबा सांगत कमी, विचारीत जास्त. वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचा आणि लोकांच्या तोंडूनच उत्तर काढायचे. देवाला बोकड कापता, कर्ज काढून तेराव्याचे जेवण घालता, पोराला मात्र शाळेत घालीत नाही, हे बरोबर की चूक? लोकच म्हणत, चूक. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ते प्रत्येकाने ऐकावे. ही शैली कोणत्या पाठशाळेतली? दापुऱ्याच्या शेतातली, सावकाराच्या ओट्यावरली, बापाच्या दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातली. सकाळी खराट्याने गाव झाडणाऱ्या माणसाने संध्याकाळी तोच खराटा तोंडाने चालविला, एवढेच.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते. त्यांच्या कीर्तनात नामाचा गजर होता, हे आपण झाकून ठेवू नये. परंतु त्यांनी स्वतःला कोणाचा गुरू म्हणवून घेतले नाही. बाबासाहेबांचा दाखला देऊन पोरांना शिकवा म्हणून सांगितले आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दोघे एकाच महिन्यात गेले, ६ आणि २० डिसेंबर १९५६.

कोणी म्हणेल, ही तर आपल्या काळातील माणसे झाली, धम्मात याला आधार काय? आधार विनयपिटकात आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांकडे गेले. त्यांची वाणी शुद्ध, आवाज मधुर. नाना जातीकुळांचे भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तर आम्ही ते छांदस भाषेत, वेदांच्या वळणाने बांधू का, असे त्यांनी विचारले. भगवंतांनी त्यांना खडसावले, नकार दिला आणि धम्म स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. (स्वतःची म्हणजे बुद्धांची मागधी, असा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी लावला आहे. पण नकार कशाला होता हे प्रसंगावरून स्पष्ट आहे.) त्याच पिटकात धम्म लांब ताना घेऊन गाण्याचे दोषही सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो, हा त्यांतील पहिला. जयंतीच्या मिरवणुकीत कर्णे लावणाऱ्यांनी तो वाचावा.

आणि थेरगाथा-थेरीगाथा पाहा. परंपरेने २६४ थेर आणि ७३ थेरी यांची ती वाणी. त्यांत शेतकरी सुमंगल आहे. तो मुक्तीचा आनंद सांगताना विळा, नांगर आणि कुदळ यांतून सुटलो असे सांगतो. निर्माल्य झाडणारा सुनीत आहे. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत पाप धुण्यासाठी नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल, तर मग बेडूक आणि कासवे सारी स्वर्गात जातील का? हा प्रश्न पंडिताला सुचला नसता. जिने रोज मार खाण्याच्या भीतीने नदीत पाय घातला, तिला तो सुचला.

या पाण्यावरूनच मी त्या मुलाला विचारले, "तू सरोवर कोठे पाहिलेस?" तो हसला. त्यांचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्यासाठी त्याच्या आईने आणि आजीने आयुष्यभर डोक्यावर भांडी वाहिली. आणि पोराच्या गीतात मात्र राजहंस पोहत होता! कमळाशी, सरोवराशी आमचे वैर नाही. त्रिपिटकात कमळ जागोजागी आहे. पण ते त्या लोकांनी तळ्यात पाहिलेले कमळ होते.

चालीबद्दल मात्र मी त्याला अडविले नाही. चाल ही गळ्याची सवय आहे. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिले गाणे रचले तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे त्यांची गाणी खेडोपाडी गेली. जात्यावरच्या ओवीची चाल जुनीच राहिली आणि आपल्या मायबहिणींनी त्याच चालीत भीमाची ओवी घातली. ध्रुपदाची गोष्ट मात्र वेगळी. बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी देवाच्या अवताराची कल्पना नाकारते, पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणणे नाकारते. रविवारी विहारात या प्रतिज्ञा म्हणावयाच्या आणि जयंतीला बाबासाहेबांनाच अवतार करावयाचे, हे कसे चालेल? मुलाने हे जाणून केले नव्हते. भजनाची वाक्यरचना त्याच्या तोंडात बसली होती, तिने देवाची जागा रिकामी ठेवलीच नाही, नाव तेवढे बदलून घेतले. बाबासाहेब वरून उतरले म्हटले की दिव्याखालचा अभ्यास, परदेशातले अर्धपोटी दिवस, शाळेत शिवू न दिलेले पाणी, सगळेच पुसले जाते. मग लेकरांनी शिकावयाचे कशाला? पुढच्या अवताराची वाट पाहिली की झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघण्याच्या तयारीत होतो. मुलगा रात्री जागला होता. त्याने महाडच्या पाण्यावर, २० मार्च १९२७ च्या त्या ओंजळीवर दोन कडवी लिहिली होती. चाल कालचीच. आजीला वाचून दाखविली. पहिल्याच ओळीत 'जल' होते.

"जल काय म्हनतं? पानी म्हन," आजी म्हणाली. मग थोडा वेळ थांबून तिने सांगितले की तिची माय घागर घेऊन विहिरीपासून दूर उभी राही, कोणी वरून पाणी घालील म्हणून. उन्हात. कधी दुपार होई. आणि घातले तरी अर्धे बाहेर सांडे.

मुलाने वही गुडघ्यावर घेतली. "आजी, पुन्हा सांग. घागर मातीची होती का तांब्याची?"