खासगी विमानाचा पायलट : वेळापत्रक, विश्रांती आणि 'नाही' म्हणता येणं



चौथीच्या वर्गात 'मी मोठेपणी कोण होणार' हा विषय दिला की पोलीस, डॉक्टर, फौजी, शिक्षक ही उत्तरं ठरलेली असतात. यंदा एका मुलाने लिहिलं, "मी खासगी विमानाचा पायलट होणार. त्याला रोज जावं लागत नाही. शेठ बोलावतील तेव्हाच जायचं, बाकी दिवस हॉटेलात राहायचं."

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी आल्यावर वाटलं, या कामाविषयी आपल्याला तरी काय माहीत आहे? थोडा अभ्यास केला आणि त्यावर एक तासिका घेतली. तीच इथे मांडते. तुम्हालाही वर्गात किंवा घरी घेता येईल.

१) एसटी आणि स्पेशल गाडी

मुलांना फरक असा सांगितला. नेहमीच्या विमान कंपनीचं विमान म्हणजे एसटी. वेळ ठरलेली, मार्ग ठरलेला, कोणी येवो न येवो गाडी सुटणार. खासगी विमान म्हणजे लग्नाला केलेली स्पेशल गाडी. नवरदेव तयार झाला की निघायचं! एखाद्या उद्योगपतीचं किंवा कंपनीचं स्वतःचं विमान असतं, तर काही विमानं भाड्याने मिळतात, त्यांना चार्टर म्हणतात. निवडणुकीचा प्रचार, उद्योगांच्या बैठका, कधी तातडीने हलवायचा रुग्ण अशी कामं त्यांच्याकडे असतात.

एसटीच्या चालकाला बस आगारातून तयार मिळते. स्पेशल गाडीच्या ड्रायव्हरला गाडी पुसण्यापासून बॅगा चढवण्यापर्यंत सगळं बघावं लागतं. खासगी विमानाच्या पायलटचंही तसंच. हवामान बघणं, उड्डाणाचा आराखडा देणं, इंधन आणि वजनाचा हिशोब हे तर असतंच. शिवाय जेवण आलं का, बॅगा नीट ठेवल्या का, पुढच्या गावी साहेबांना न्यायला गाडी येणार का, हेही बऱ्याचदा पायलटच बघतो.

२) कामाचे दिवस कसे असतात?

याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला, मोठ्या कंपनीतला. अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेली, आज नेटजेट्स या नावाने ओळखली जाणारी कंपनी आहे. तिच्याकडे ७ दिवस काम आणि ७ दिवस सुट्टी अशी पद्धत प्रसिद्ध आहे. ऐकायला छान वाटतं ना? पण कामाच्या त्या ७ दिवसांत पायलट घरी येत नाही. आज या शहरात, उद्या त्या शहरात. दिवाळी, मुलाचा वाढदिवस, आईचं आजारपण, सगळं त्या सातात आलं तर आलं.

दुसरा प्रकार एकाच मालकाच्या विमानाचा. दोन-तीन पायलट असतात. उड्डाणं कमी, पण फोन कधी वाजेल याचा नेम नाही. घरी असूनही मन मोकळं नसतं.

३) एका दिवसाचं गणित

हे उदाहरण मी मुलांसाठी तयार केलं आहे. फळ्यावर तसंच लिहा.

सकाळी ७:३० : पायलट मुंबईच्या विमानतळावर हजर
९:०० : उड्डाण
१०:१५ : नागपूरला पोहोचले. प्रवासी बैठकीला गेले
१८:०० : परतीचं उड्डाण
१९:१५ : मुंबई
२०:०० : कागदपत्रं पूर्ण, काम संपलं

प्रश्न पहिला : एकूण काम किती तास? उत्तर, साडेबारा तास. प्रश्न दुसरा : त्यात प्रत्यक्ष उड्डाण किती? अडीच तास. म्हणजे दिवसाच्या कामाचा फक्त पाचवा भाग! उरलेले दहा तास तयारी आणि वाट बघणं. "उडायला मिळतं म्हणून पायलट होणार" म्हणणाऱ्या मुलांचे चेहरे इथे बघण्यासारखे झाले.

आता उदाहरणात बदल करा. बैठक लांबली. साहेब म्हणाले, "साडेनऊला निघू." मग मुंबईला पोहोचायला २२:४५ आणि काम संपायला २३:३० वाजणार. एकूण १६ तास!

इथे मुलांना विश्रांतीचा नियम सांगितला. आपल्याकडे असे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए ठरवतं. उदाहरणासाठी मी अमेरिकेतल्या चार्टरचे आकडे घेतले. तिथे दोन पायलट असतील तर २४ तासांत जास्तीत जास्त १० तास उड्डाण, आणि उड्डाणाचं नियोजन करतानाच किमान १० तास सलग विश्रांती धरावी लागते. २४ मधून १० गेले की उरतात १४. आपलं उदाहरण गेलं १६ वर. मग पायलटने काय करायचं? मुलं एका सुरात म्हणाली, "नाही म्हणायचं!"

गंमत अशी, की अमेरिकेत हे आकडे पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या विमानांना लागू आहेत. मालक स्वतःच्या विमानातून स्वतःच्या कामासाठी जात असेल तर तासांची ही मर्यादा तशी लागू होत नाही. तिथे नियमाची ढाल नसते, पायलटला स्वतःच्याच तोंडाने नाही म्हणावं लागतं.

थकवा म्हणजे नुसती जांभई नव्हे. १९९७ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसांइतकी घसरलेली दिसली. आपला पायलट पहाटे ५:३० ला उठला असेल तर १७ तास कधी भरतील? रात्री १०:३० ला. आणि विमान उतरणार १०:४५ ला!

४) नाही म्हणता आलं नाही तर?

२९ मार्च २००१. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसहून कोलोरॅडोच्या डोंगरातल्या अ‍ॅस्पेन गावी एक चार्टर जेट निघालं. प्रवासी उशिरा आल्याने निघायलाच सुमारे ४० मिनिटं उशीर झाला. अ‍ॅस्पेनला सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने त्या विमानाला उतरायची परवानगी नव्हती. कदाचित दुसरीकडे उतरावं लागेल हे कळल्यावर विमान भाड्याने घेणारा ग्राहक चिडला, आणि त्याची नाराजी पायलटपर्यंत पोहोचली. अ‍ॅस्पेनजवळ बर्फ पडत होता. धावपट्टी दिसत नव्हती, तरी विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं आणि धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १५ प्रवासी आणि ३ कर्मचारी, सगळे १८ जण गेले. तपासात मुख्य चूक पायलटांचीच ठरली, पण ग्राहकाचा दबाव आणि वेळेची घाई ही त्यामागची कारणं म्हणून नोंदवली गेली.

वर्गात मी एवढंच सांगितलं, "परत फिरले असते तर कोणीतरी रागावलं असतं, इतकंच."

५) एका वडिलांचं बोलणं

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील भेटायला आले. ते दुसऱ्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. मला वाटलं, खर्च विचारायला आले असतील. ते म्हणाले, "मॅडम, पोरानं घरी येऊन विचारलं, पप्पा तुम्ही किती तास झोपता? मागच्या वर्षी रात्रभर गाडी चालवून पहाटे डुलकी लागली होती. गाडी रस्त्याच्या खाली उतरली. नशीब चांगलं होतं. घरी सांगितलं नव्हतं, काल सांगितलं."

मी विचारलं, "मालकांना नाही म्हणता आलं नसतं का?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोटाचा प्रश्न असतो मॅडम. पण आता निदान थांबून तासभर झोपतो, मग पुढं."

मला वाटतं, त्या तासिकेचं खरं मूल्यमापन तेच होतं.

६) वर्गात आणि घरी काय घेता येईल?

• २४ ताशी घड्याळ : पायलट जगभर एकच वेळ वापरतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले सकाळचे ९:०० म्हणजे त्यांचे ३:३०. अशी पाच उदाहरणं द्या.
• माझ्या घरचं वेळापत्रक : आई-वडील किती तास काम करतात, किती तास झोपतात हे मुलांनी विचारून लिहावं. आईचं घरकामही मोजायला सांगा!
• नाट्यीकरण : एक साहेब, एक पायलट. पायलटने आदर राखून, कारण देऊन नाही म्हणायचं. सगळ्यात जास्त रंगलं ते हेच.

पालकांसाठी थोडक्यात : आपल्याकडे व्यावसायिक पायलट परवान्यासाठी वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, कडक वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचा उड्डाणाचा सराव लागतो. जेट चालवायला त्या त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर असं प्रशिक्षण दिलं जातं. खर्च मोठा आहे, त्यामुळे प्रवेशाआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावर ताजे नियम जरूर बघा.

त्या मुलाने निबंध पुन्हा लिहून आणला. पायलट व्हायचं त्याचं अजूनही ठरलेलंच आहे. फक्त शेवटची ओळ बदलली आहे : "झोप झाली नसेल तर मी शेठला सांगणार, उद्या जाऊ."

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.