चढता डी शार्प, उतरता डी

चि. ओंकार यास,


परीक्षेसाठी मेलडिक मायनर स्केल पाठ केलीस हे बरं झालं. पण ‘जाताना वेगळे सूर आणि येताना वेगळे, असं का?’ हा तुझा प्रश्न त्या पाठांतरापेक्षा मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गिटार घे आणि ई मायनरचे साधे सूर वाजव: ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी, डी, ई. शेवटच्या डी आणि ईमध्ये दोन फ्रेटचं अंतर आहे. ई हे घर धरलं, तर डी अजून अंगणातच उभा आहे. त्याला एक फ्रेट वर सरकवून डी शार्प केलं की तो उंबरठ्यावर येतो, आणि ई ऐकल्याशिवाय कानाला चैन पडत नाही. बी मेजर कॉर्डमध्ये हाच डी शार्प असतो. म्हणून तिच्यामागून ई मायनर वाजली की वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं. ही झाली हार्मोनिक मायनर.

आता सी ते डी शार्प ही तीन फ्रेटची उडी गाऊन बघ. कॉर्डमध्ये ती खपून जाते, गळ्याला मात्र जड जाते. ती टाळायला सीलाही वर घेतात: बी, सी शार्प, डी शार्प, ई. उतरताना ईकडे ओढणारा सूर नको असतो, म्हणून डी साधा होतो आणि सी शार्पचंही काम संपतं. उलट साधा सी बीच्या अगदी लगत असल्याने चाल खाली सहज ओघळते.

तू आजीकडे देस राग शिकलास, तेव्हा आरोहात शुद्ध निषाद आणि अवरोहात कोमल हे तुला खटकलं नव्हतं. पण देसमध्ये तो नियम रागाचा आहे. तो सोडला तर देस उरत नाही. मेलडिक मायनरमध्ये मात्र चालीला कुठे पोचायचंय आणि खाली कोणती कॉर्ड आहे, त्यावर सूर ठरतो.

याचा पुरावा तुझ्याच वहीत आहे. बाखच्या ल्यूट सूटमधली ती ई मायनर बूरे (बीडब्ल्यूव्ही ९९६) काढ. दुसऱ्या बारमध्ये वरची चाल बी, सी शार्प, डी शार्प, ई अशी चढते आणि लगेच डी, सी, बी अशी उतरते. तुझी स्केल जशीच्या तशी. पण पहिला बार बघ. तिथे चाल जीवरून खाली येते आणि तरीही डी शार्पवरच टेकते, कारण तिला लगेच ईवर परतायचं असतं. तेव्हा ‘चढताना शार्प, उतरताना साधा’ हे सूत्र परीक्षेपुरतं ठेव. जॅझवाले तर चढतीचेच सूर उतरतानाही घेतात.

रोज स्केल वाजवण्याआधी बी मेजर आणि ई मायनर या दोन कॉर्ड वाजवून डी शार्प कुठे ओढ घेतो ते ऐक. मग सूर आधी गा, नंतर बोटांनी वाजव. नव्या तुकड्यात जिथे सी किंवा डीला शार्प लागलेला दिसेल, तिथे पेन्सिलने खूण कर आणि पुढचा सूर कोणता ते बघ. बहुतेक ठिकाणी कारण तिथेच सापडेल. नाही सापडलं, तर खालची कॉर्ड तपास.

बूरे सावकाश बसव, वेग आपोआप येईल. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा