नववीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी : शाळा व समाज यांची भागीदारी, रायपूरच्या संदर्भात

आठवी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे नाव नववीच्या पटावर नोंदविले गेले की त्याचा माध्यमिक शिक्षणात प्रवेश झाला, असे आपण मानतो. पटनोंदणीच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु आपल्या शिक्षणव्यवस्थेतील सर्वांत मोठी गळती याच टप्प्यावर आढळते. यू-डायस प्लसच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील गळतीचे वार्षिक प्रमाण प्राथमिक स्तरावर १.५ टक्के, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के आणि माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होते. उच्च प्राथमिक व माध्यमिक या लगतच्या दोन स्तरांत चौपटीहून अधिक अंतर असणे, ही केवळ घरच्या गरिबीने स्पष्ट होणारी बाब नाही. गरिबी आठवीतही होतीच. मग नववीत नवीन असे काय घडते, हा या लेखाचा प्रश्न आहे. आणि शाळेच्या परिसरातील समाज त्यात नेमके काय करू शकतो, हा त्याचा दुसरा भाग. छत्तीसगढची राजधानी रायपूर हे या अभ्यासासाठी सोयीचे उदाहरण आहे, कारण या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

आधार कोठे संपतात?

८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) संविधानात समाविष्ट झालेले कलम २१-क सहा ते चौदा वर्षे वयोगटापुरते आहे. त्याची अंमलबजावणी करणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला व तो इयत्ता आठवीपर्यंतचाच विचार करतो. शाळेतील मध्यान्ह भोजन, म्हणजे आजची पीएम पोषण योजना, हीसुद्धा आठवीपर्यंतच आहे. या अधिनियमाच्या कलम ४ नुसार मागे पडलेल्या किंवा शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसविताना विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. नववीतील मुलाला तसा हक्क नाही. मूळ कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात मागे ठेवता येत नसे. परिणामी अनेक मुलांच्या वाट्याला आयुष्यातील पहिले ‘अनुत्तीर्ण’ नववीत येत असे.

छत्तीसगढमध्ये यात आणखी एका गोष्टीची भर पडते. तेथे पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी पूर्व माध्यमिक, नववी-दहावी हायस्कूल आणि अकरावी-बारावी हायर सेकंडरी अशी रचना आहे. ज्या गावात किंवा वस्तीत केवळ मिडल स्कूल आहे तेथील मुलाला नववीत इमारत, शिक्षक, सोबती आणि बहुधा जाण्यायेण्याचा रस्ताही बदलावा लागतो. ज्या शिक्षकाला त्याच्या अडचणी ठाऊक असतात तो मागे राहतो. त्याबद्दलची माहिती नव्या शाळेपर्यंत पोहोचते ती फार तर गुणपत्रकाच्या रूपाने, आणि गुणपत्रकावरून मुलाला भागाकार येतो की नाही हे समजत नाही.

कायद्याचे संरक्षण, दुपारचे जेवण, ओळखीची शाळा आणि वरच्या वर्गात जाण्याची हमी हे सर्व आधार अशा रीतीने एकाच जून महिन्यात निघून जातात. छत्तीसगढ शासनाने २०१९ मध्ये खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलांच्या मोफत शिक्षणाची मर्यादा आठवीवरून बारावीपर्यंत वाढविली. हे स्वागतार्ह पाऊल होते. तथापि त्याचा लाभ शासकीय मिडल स्कूलमधून येणाऱ्या मोठ्या समूहास मिळत नाही, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न शिकण्याचा

चौदा ते अठरा वर्षे वयोगटातील ग्रामीण मुलांचे ‘असर’ सर्वेक्षण २०१७ आणि २०२३ मध्ये झाले. दोन्ही वेळा निवडक जिल्ह्यांतच पाहणी झाली असल्याने त्यांचे आकडे संपूर्ण देशाचे मानता येत नाहीत. परंतु त्यांतील साम्य विचार करावयास लावणारे आहे. दोन्ही पाहण्यांत सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित जेमतेम ४३ टक्के मुलांना सोडविता आले. सहा वर्षांत या चित्रात फारसा फरक पडला नाही.

नववीच्या बीजगणितासमोर अशा विद्यार्थ्याची काय अवस्था होते, हे वेगळे सांगावयास नको. शिक्षकाला दहावीच्या मंडळ परीक्षेची घाई असते आणि अभ्यासक्रम मोठा असतो. मागचे शिकविण्यासाठी वेळापत्रकात तास नसतो. रायपूर परिसरात भाषेची अडचणही आहे. घरी आणि गल्लीत छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला विज्ञान व समाजशास्त्र ही पुस्तकी हिंदीतून समजून घ्यावी लागतात. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, परंतु नववीच्या वर्गातील अडचण त्यामुळे दूर झालेली नाही. उरला, सिलतरा, बीरगाव या औद्योगिक पट्ट्यातील मजूर कुटुंबांतील मुलाची शाळा सुटते तेव्हा पालक अनेकदा पाळीवर असतात, आणि घरी असले तरी नववीचा गृहपाठ घेणे बहुतेकांच्या आवाक्यात नसते. हे त्यांच्या अनास्थेचे लक्षण समजणे अन्यायाचे होईल.

लोकाश्रयाची जुनी परंपरा

समाजाने शाळा चालविण्याची कल्पना रायपूरला नवीन नाही. असहकार चळवळीच्या काळात, १९२१ मध्ये, तेथे राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले आणि त्याच्या उभारणीत पंडित रविशंकर शुक्ल यांच्याबरोबर वामनराव लाखे हे मराठी भाषक नेते अग्रभागी होते. सरकारी शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना नागरिकांनी दिलेली ती पर्यायी जागा होती. ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक माधवराव सप्रे यांनीही रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी पाठशाळा काढली होती. १९३५ मध्ये स्थापन झालेले रायपूरचे महाराष्ट्र मंडळ आजही शाळा चालविते. महाराष्ट्रातील वाचकांना येथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची (१९१९) आठवण होईल. गावाकडून धान्य गोळा करून वसतिगृहातील मुलांना पोसण्याची तिची पद्धत म्हणजे दूरच्या हायस्कुलाचा प्रश्न लोकसहभागातून सोडविण्याचाच प्रयत्न होता.

या सर्व उदाहरणांत समाजाला एक निश्चित काम होते : जागा देणे, धान्य देणे, मूल पाठविणे. पुढे शासनाने लोकसहभागाला नियमांत बसविले तेव्हा हा नेमकेपणा बराचसा हरवला, असे मला वाटते. रायपूर मध्य प्रदेशात असताना १९९७ मध्ये त्या राज्याने शिक्षण हमी योजना सुरू केली होती. वस्तीने मागणी केल्यास नव्वद दिवसांत शाळा देण्याची तीत हमी होती. मागणी स्पष्ट असल्याने शाळा उघडल्याही. पण ती योजना प्राथमिक स्तरापुरती होती.

समिती आहे, काम नाही

शिक्षण अधिकार अधिनियमाच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने हायस्कुलांसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समितीची तरतूद केली. हे अभियान २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतही ‘प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण’ हा विषय आहे. म्हणजे कागदावरील व्यवस्था अपुरी नाही.

समित्यांच्या उपयुक्ततेविषयी एक अभ्यास येथे पाहण्याजोगा आहे. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याच्या २८० गावांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक ग्रामस्थांना आपल्या गावात शिक्षण समिती आहे हेच माहीत नव्हते; काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचीही कल्पना नव्हती. काही गावांत सभा घेऊन लोकांना समितीचे अधिकार समजावून सांगण्यात आले, मुलांच्या वाचनाची चाचणी कशी घ्यावी हेही शिकविण्यात आले. तरीही शाळेत लक्षणीय बदल झाला नाही. मात्र ज्या गावांत स्थानिक तरुणांना वाचन शिकविण्याची सोपी पद्धत देऊन शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घ्यावयास सांगितले, तेथे स्वयंसेवक पुढे आले आणि त्या वर्गांना आलेल्या मुलांच्या वाचनात स्पष्ट प्रगती झाली. लोकांना अधिकाराची माहिती पुरली नाही, काम मात्र त्यांनी उचलले.

याच अभ्यासाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. अशा वर्गांना गावातील मुलांपैकी सुमारे ८ टक्केच आली. अजिबात वाचू न शकणाऱ्यांतीलही बहुतेक मुले आली नाहीत. शाळेबाहेरचा ऐच्छिक वर्ग हा सर्वांत गरजू मुलाला हमखास गाठतोच असे नाही. म्हणूनच नाव-निशी यादी करण्याचे काम शाळेचेच राहते.

रायपूरहून सुरू झालेला प्रयोग

कोविड काळात शाळा बंद असताना ७ एप्रिल २०२० रोजी छत्तीसगढ शासनाने ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, हा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला. घरोघरी स्मार्टफोन व नेटवर्क नसल्याने त्याची मर्यादा लवकरच जाणवली. त्यानंतर ‘पढई तुंहर पारा’ आले. ‘पारा’ म्हणजे वस्ती किंवा मोहल्ला. सामुदायिक भवन, मंदिराचा मंडप, झाडाखालचा पार अशा ठिकाणी लहान गट बसू लागले. कोठे ध्वनिवर्धकावरून धडे ऐकविले गेले, तर ‘बुल्टू के बोल’ या उपक्रमात ध्वनिमुद्रित पाठ ब्लूटूथने एका साध्या फोनवरून दुसऱ्यावर पाठविले गेले. शिक्षकांच्या मदतीस आलेल्या स्थानिक शिकलेल्या तरुण-तरुणींना ‘शिक्षा सारथी’ असे नाव मिळाले.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना भारावून जाण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये राज्यात झालेल्या ‘असर’ पाहणीत प्राथमिक वर्गांतील मुलांचे वाचन २०१८ च्या तुलनेत घसरलेलेच आढळले. शाळेची जागा मोहल्ला घेऊ शकत नाही, हे त्यातून दिसून आले. परंतु समाजाजवळ काय आहे हेही त्या महिन्यांत दिसले : घराजवळची सुरक्षित जागा, संध्याकाळचा वेळ आणि बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली त्याच वस्तीतील, मुलाची बोली बोलणारी माणसे. नववीच्या मागे पडलेल्या विद्यार्थ्याला नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. निदान करणे, साहित्य देणे आणि दर काही आठवड्यांनी प्रगती तपासणे ही शिक्षकाची कामे होत. ती सारथीवर टाकली तर भागीदारी म्हणजे फुकटची शिकवणी ठरते.

शासनाच्या इतर योजनांकडेही या दृष्टीने पाहावे. सरस्वती सायकल योजनेतून नववीतील अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना सायकल मिळते. बिहारच्या २००६ च्या सायकल योजनेमुळे मुलींची माध्यमिक पटनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात आढळले. अंतराचा प्रश्न सायकलीने सुटतो. भागाकाराचा सुटत नाही. २०१० मध्ये रायपूरपासून सुरू झालेल्या ‘प्रयास’ निवासी विद्यालयांनी नक्षलग्रस्त भागातील मुलांना अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणापर्यंत नेले, हे मोठे यश आहे. परंतु तेथील प्रवेश परीक्षेद्वारे होतो. जो मागे पडला आहे तो त्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

संकुलाची कल्पना

आठवी आणि नववी यांमधील तुटलेला धागा जोडण्याचा उपाय कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविला होता. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातील प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळा यांचे एक शाळा संकुल करावे, अशी ती शिफारस होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पाच ते दहा किलोमीटर परिघातील संकुलाच्या रूपाने तिला पुन्हा स्थान दिले. याच धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत १०० टक्के स्थूल पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले असून सहाध्यायी अध्यापन व स्थानिक स्वयंसेवक यांचा पुरस्कार केला आहे. संकुलाचा खरा उपयोग प्रशासकीय सोयीपेक्षा येथे आहे. हायस्कूलच्या शिक्षकाने जानेवारी-फेब्रुवारीतच भोवतालच्या मिडल स्कूलमधील आठवीच्या मुलांची वाचन व गणिताची साधी तपासणी केली, तर मूल नव्या शाळेत येण्यापूर्वीच यादी तयार असते. पालकांची पहिली सभाही मग मुलाच्या वस्तीत घेता येते. मुलांना पातळीनुसार वेगळे बसविताना मात्र सावधगिरी हवी. दिल्लीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘चुनौती’ योजनेत नववीच्या विद्यार्थ्यांचे असे गट केले गेले तेव्हा मुलांवर शिक्का बसतो, ही टीका झाली. दिवसातील एक-दोन तासांपुरते गट आणि उरलेला वेळ एकत्र वर्ग, ही रचना अधिक सुरक्षित आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६ बदलले असून पाचवी व आठवीची नियमित परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवावे की नाही हे ठरविण्याची मुभा शासनास मिळाली आहे. छत्तीसगढने २०२४-२५ पासून या दोन इयत्तांच्या केंद्रीय परीक्षा पुन्हा सुरू केल्या. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास अतिरिक्त अध्यापन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी, असे दुरुस्तीत म्हटले आहे. रायपुरात हे दोन महिने म्हणजे भर उन्हाळ्याची सुट्टी. वर्गखोल्या बंद असतात, शिक्षक सुट्टीवर असतात आणि अनेक मुले मजुरीवर किंवा आजोळी गेलेली असतात. हे अध्यापन कोठे व कोणी करावयाचे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या मार्चमधील सभेतच ठरवावे लागेल.