सोयाबीनला उसासारखा युरिया नको



खरिपात सोयाबीन काढून त्या रानात पूर्वहंगामी ऊस लावायचा, हा फेर आपल्याकडे चांगला बसतो. पण उसाला युरिया टाकायची सवय लागलेला हात सोयाबीनवरही सैल सुटतो. मग पीक माजते, आडवे पडते आणि शेंगा मात्र थोड्या लागतात. खताचा पैसा जातो तो वेगळाच.

याचे कारण मुळाशी आहे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरतात. त्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. रानात आयता नत्र जादा झाला की गाठी कमी धरतात. गाठी कामाला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यापुरताच नत्र वरून द्यावा.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. एकरी हिशेब असा :

युरिया – २६ किलो
सिंगल सुपर फॉस्फेट – १५० किलो (३ पोती)
म्युरेट ऑफ पोटॅश – २० किलो

सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही असतो, त्यामुळे तो वेगळा घ्यावा लागत नाही. दाण्यात तेल भरायला गंधक लागतो. चुनखडीच्या रानात स्फुरद अडकून बसते आणि जागचे हलत नाही. म्हणून सगळे खत पेरतानाच बियाण्याच्या खाली पडेल असे द्यावे. वरून फेकू नये.

पेरणीआधी एकरी दोन टन कुजलेले शेणखत पसरावे. कारखान्याचे प्रेसमड वापरायचे तर तेही पुरते कुजवूनच. कच्चे प्रेसमड रानात कुजताना पिकाचाच नत्र ओढून घेते.

दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत वाळवावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

खात्री हवी असेल तर यंदा चार तासांना युरिया अजिबात देऊ नका. पीक फुलात आले की दोन्हीकडची झाडे खोऱ्याने मुळासकट उकरा, उपटू नका. उपटल्यावर गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी निघाली तर ती कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. काढणीला दोन्हीकडचे दाणे वेगळे मोजा, म्हणजे पुढच्या साली किती पोती आणायची ते तुमचे तुम्हालाच कळेल.