दिवाळीची सुट्टी आणि लहान गावातील रहस्यकथा



सहामाही परीक्षा संपत आली की वर्गावर्गांतून एकच प्रश्न येतो : "सुट्टीत काय वाचावे?" या वेळी उत्तर म्हणून एक छोटासा पाठच देत आहोत. विषय आहे, लहान गावात, सणासुदीला घडणारी रहस्यकथा. पालकांनी व विश्वस्तांनीही हा पाठ वाचावा. त्याचा शेवट आपणा सर्वांसाठी आहे.

ही कथा कशी असते?

या कथेत चोरी असते, एखादी वस्तू हरवते, प्रसंगी खूनही होतो. पण रक्तपाताची वर्णने नसतात. माणसे मोजकी असतात. उकल करणारा बहुधा तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस असतो. शेवटी खरे काय ते कळते, निर्दोष माणूस सुटतो आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागते. म्हणूनच अशी कथा घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचता येते.

इंग्रजीत अगाथा ख्रिस्ती या लेखिकेने अशा कथांना मोठी लोकप्रियता मिळवून दिली. त्यांची मिस मार्पल ही विणकाम करणारी, एका खेड्यात राहणारी वृद्ध बाई. तिची पहिली कादंबरी १९३० साली आली. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच, असे तिचे म्हणणे. गावातील माणसे नीट पाहिली की बाहेरचीही ओळखता येतात. १९३८ च्या एका कादंबरीत ख्रिस्तींनी नाताळला एकत्र आलेले कुटुंब घेतले. सण आला, पाहुणे आले आणि जुने हेवेदावेही सोबत आले.

आपल्याकडे नाताळची जागा दिवाळीने घेतली. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळासोबत वाचनाची प्रथा रुजली. पुढे 'नवल', 'धनंजय' यांसारख्या दिवाळी अंकांनी रहस्यकथेला हक्काची जागा दिली. बंगालीतही असेच झाले. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ साली पहिल्यांदा आला तो दार्जिलिंगच्या कथेत, आणि पुढे त्याच्या अनेक कादंबऱ्या पूजा अंकांतून प्रसिद्ध झाल्या.

मुलांसाठी मराठीत हे काम केले भा. रा. भागवत यांनी. त्यांचा जन्म १९१० साली आपल्या शेजारच्या इंदूरचा, हे माळव्यातील मुलांनी अवश्य लक्षात ठेवावे. त्यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. तो कधी प्रतापगडावर जातो, कधी थेट गुलमर्गला. त्याच्याजवळ पिस्तूल नाही. सायकल आहे, चौकस नजर आहे आणि गप्प न बसण्याची खोड आहे.

लहान गाव आणि सणच का?

कारण सोपे आहे. लहान गावात प्रत्येकाचा रोजचा क्रम सर्वांना ठाऊक असतो. दूधवाला किती वाजता येतो, कोणते दुकान आधी उघडते, कोण कोणाशी बोलत नाही. हा क्रम जरा मोडला तरी लक्षात येतो. सणाला तो मोडतोच. पाहुणे येतात, घरे बंद राहतात, लक्ष्मीपूजनाला दागिने बाहेर निघतात. रहस्य तेथेच जन्माला येते.

आपले देवासच घ्या. १९४८ पर्यंत या एका गावात पवारांची दोन संस्थाने होती, थोरली पाती व धाकटी पाती. एका गावात दोन गाद्या आणि दोन दरबार! इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे सचिव होते. १९५३ साली त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि त्याला देवीच्या टेकडीचेच नाव दिले. समजा, नवरात्रात एका पातीत चोरी झाली आणि चोर दुसऱ्या पातीत गेला, तर तपास कोणी करायचा? कथालेखकाला याहून चांगली जागा कोठे मिळेल?

या कथेचा नियम

रोनाल्ड नॉक्स या लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातील एक असा, की तपास करणाऱ्याला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दिसला पाहिजे. मग गंमत अशी होते, की सर्व काही डोळ्यांसमोर असूनही आपण चुकतो. का चुकतो? कारण "काय झाले?" हे पाहण्याआधीच आपण "कोणी केले?" हे ठरवून बसतो.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, कार्यालयातील टेबलावरून सहलीच्या वर्गणीचे पाकीट दिसेनासे झाले. त्या दुपारी एक मुलगा एकटाच आत येऊन गेला होता. आम्ही त्याला बोलावले आणि "खरे सांग" असे म्हटले. तो काहीच बोलला नाही. त्याचे गप्प बसणे हीच आम्ही कबुली समजलो. चार दिवसांनी पाकीट सापडले, हजेरीपटाच्या पानांत. तो हजेरीपट आम्हीच आमच्या हाताने कपाटात ठेवला होता. "आत कोण आले?" हे आम्ही सर्वांना विचारले. "टेबलावरून काय काय हलले?" हे कोणालाच विचारले नाही, स्वतःलाही नाही.

चौकशी बंद दाराआड झाली होती, पण गाव लहान. सुट्टीत गोष्ट घरोघरी पोचली. कथेत शेवटच्या पानावर निर्दोष माणूस सर्वांसमोर सुटतो. खऱ्या गावात असे आपोआप होत नाही, ते करावे लागते. शाळा उघडल्यावर त्याच्या वडिलांना विचारून आम्ही प्रार्थनेच्या वेळी, सर्वांसमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तरीही पुढे कितीतरी दिवस तो कार्यालयाच्या दारापाशीच थांबत असे, आत येत नसे. ते आम्ही विसरलेलो नाही.

पालकांना व विश्वस्तांना विनंती

आपली मुले घरी मराठी बोलतात, पण वाचतात हिंदी. आम्हीही हिंदी माध्यमातूनच शिकलो, त्यामुळे त्यांची अडचण जाणतो. लिपी तर एकच आहे, अडतो तो फक्त सवयीचा भाग. रहस्यकथेत "पुढे काय?" हा प्रश्नच पान उलटायला लावतो. म्हणून रोज रात्री दहा मिनिटे एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. शाळेच्या वाचनालयासाठी यंदा फास्टर फेणेचे संच व निवडक दिवाळी अंक घ्यावेत, असे विश्वस्त मंडळास सुचवीत आहोत.

सुट्टीतील स्वाध्याय

१. धारच्या लाट मशिदीजवळ लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे १३ मीटर भरते. मशीद १४०५ ची आहे, आणि स्तंभावर अकबराच्या काळचा १५९८ चा फारसी लेख आहे. मोठ्यांबरोबर जाऊन स्तंभ पाहा. वहीत दोन रकाने करा : 'डोळ्यांनी पाहिले' आणि 'लोकांकडून ऐकले'. दोन्ही एकत्र करू नका.

२. देवासच्या दोन पातींच्या काळातील एक रहस्यकथा दोन पानांत लिहा. एकही दुवा वाचकापासून लपवू नका.

३. कथेत ज्याच्यावर खोटा संशय आला, त्याची क्षमा कोणी, कोठे व कशी मागितली, हे शेवटी अवश्य लिहा. या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण आहेत.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.